यंत्राच्या आतली हळद

“आज ऑपरेटर होऊनच घरी येईन!” अशी प्रतिज्ञा करून गुणाजी परबांनी हळदीची पुडी खिशात घातली.

“अहो, डब्यात तेवढीच होती!” पत्नी कमल ओरडली.

“खंडेनवमी आहे! वडिलांनी गिरणीत मागाची पूजा केल्याविना धोटा हलवला नाही. मग मी तसंच यंत्र चालवू?” असे विचारून ते काळाचौकीची चाळ उतरले.

लोअर परळच्या एका प्रयोगशाळेत गुणाजी मदतनीस होते. तेथील यंत्रात कार्बन डायऑक्साइड इतका दाबून कोंडीत, की तो ना धड वायू राही, ना धड द्रव. त्याच्या सहवासात पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकचा सख्खा भाऊ, लोण्यासारखा मऊ पडे आणि औषधी प्रथिनाला पोटात घेई. दाब सोडताच बारीक भुकटी! आच मात्र वर्ज्य, कारण शिजलेले प्रथिन निरुपयोगी. “वाफेविना मोदक!” ही गुणाजींची व्याख्या. सारण प्रथिनाचे, पारी पॉलिमरची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख कीर्ती मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, पाहुण्यांसमोर आजचा प्रयोग नीट झाला, की तुमच्या ऑपरेटरच्या अर्जावर सही.”

“आधी पूजा करू ना?”

“करा. पण बाहेर कुठे डाग दिसता कामा नये हं!”

गुणाजींनी आज्ञा शिरसावंद्य मानली. बाहेर एक कणही नाही! झाकण उघडून त्यांनी आतून हळदीची पाच बोटे ओढली आणि उरलेली पुडी भक्तिभावाने तळाशी वाहिली.

पाहुणे आले. दाब चढला. गुणाजींनी निर्धाराने झडप फिरवली. फुस्स! पांढरीशुभ्र यायची ती भुकटी नवरीसारखी पिवळीधमक अवतरली!

“प्रथिन कुजलं की काय?” मॅडमचा चेहरा उतरला.

गुणाजी एक पाऊल पुढे आले. “मॅडम, हळद आहे. मी लावली.”

“आत?”

“बाहेर नको म्हणालात ना!”

एका वृद्ध पाहुण्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “प्रथिन सगळं कणांबाहेर सांडलंय,” ते म्हणाले, “पण हळद काय सुरेख कोंडली आहे हो!”

अर्ज निमूटपणे खणात परत गेला. गुणाजींनी यंत्र चार वेळा धुतले, तरी पिवळी झाक हटेना.

सायंकाळी दारातच कमलने विचारले, “झालात ऑपरेटर?”

“अद्याप नाही. पण माझ्या हळदीची पाहुण्यांनी तोंडभरून स्तुती केली!”

“बरं झालं,” म्हणत कमलने त्यांच्यापुढे ताट सरकवले. त्यात बटाट्याची भाजी होती. पांढरीशुभ्र!