रुमाल, टॉवेल की चादर?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात दुखणं मोजायची मापं तीन : रुमाल, टॉवेल आणि चादर. ही मापं काढली नरसय्यामामांनी. आमच्या शेजारीच त्यांचं औषधांचं दुकान, वर ते राहतात. घराणं विणकरांचं. वडिलांनी जन्मभर चादरी विणल्या. मामा गोळ्या विकू लागले, पण डोकं मागावरच राहिलं. गिऱ्हाईक कण्हत आलं की मामा चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "रुमाल, टॉवेल की चादर?"

रुमालवाल्याला शेक सांगायचे, टॉवेलवाल्याला साधी गोळी द्यायचे. चादर म्हटलं की मात्र हात पुढे यायचा, "चिठ्ठी दाखवा." गुंगी आणणाऱ्या जालीम गोळ्या कुलूपबंद कपाटात असायच्या आणि किल्ली मामांच्या करदोट्याला. डॉक्टरांनी तीन दिवस लिहिलं असेल तर तीनच दिवस. जुनी चिठ्ठी मामांच्या लेखी रद्दी. एकदा एक पुढारी कंबर धरून आले आणि जुनी चिठ्ठी आपटून म्हणाले, "मी कोण, माहितंय ना?"

"मला माहिताय की," मामा म्हणाले, "पण कायद्याला न्हाय माहीत."

मी स्कूटरवरून पडून मनगट मोडून घेतलं, तेव्हा मलाही तोच न्याय मिळाला. गोळ्या संपल्या, ठणका संपेना. दुकानात जाऊन मी अक्षरशः गयावया केली. "मामा, दोनच द्या. शेजारी आहे मी!"

"शेजारी हाय म्हणूनच देत न्हाय, सर. ही गोळी पाहुणीवानी हाय. आली, चार दिस गोड बोलली, गेली तर बरी. मुक्काम ठोकला की घर तिचं."

मी घरी येऊन बायकोपुढे त्यांचा मनसोक्त उद्धार केला. तो चालू असतानाच मामा दारात! हातात शेंगाचटणी, कडक भाकरी आणि पत्त्यांचा जोड. त्यांनी माझ्या हाताखाली उशी सारली, साधी गोळी समोर बसून घ्यायला लावली आणि पाच-तीन-दोनचा डाव मांडला. मामा पत्त्यांत धडधडीत लबाडी करतात. त्यांच्याशी भांडताना मी मनगट साफ विसरलो. नंतर कळलं, बोळात कुणाच्याही चादरीच्या गोळ्या संपल्या की मामा असेच जोड घेऊन हजर होतात.

मग मामांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हैदराबादहून आली, राहिली, तिच्या नोकरीपायी परत गेली. चिठ्ठीतल्या गोळ्याही संपल्या. दुकान बंदच होतं. मामांनी मला बोलावून कपाटाची किल्ली हातावर ठेवली.

"ठेवा तुमच्याकडं. खाली कपाट भरलेलं, वर मी एकटा. माझाच भरवसा न्हाय मला."

"इतकं दुखतंय? टॉवेल?"

"चादर. तीबी डबलबेडची."

मग काय, मी आणि बायको रोज संध्याकाळी जोड घेऊन जाऊ लागलो. मामा कण्हत-कण्हत लबाडी करायचे. पण जास्तीची गोळी त्यांनी एकदाही मागितली नाही. हळूहळू गुडघा सुधारला. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली, दुकान उघडायलाही परवानगी दिली.

म्हणून त्या दिवशी किल्ली परत द्यायला मी जरा लवकरच गेलो. दार उघडं होतं. मामा काठीशिवाय छान फिरत होते, तोंडानं काहीतरी तेलुगू गुणगुणत तीन कप ट्रेमध्ये मांडत होते. मी खाकरलो. मामांनी लगबगीनं काठी उचलली, कॉटवर बसले आणि चेहरा पाडला.

"आज कसं आहे, मामा?"

त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला काढल्या नव्हत्या.

"चादर," ते हळूच म्हणाले. "चादरच हाय की, सर, अजून."

आख्ख्या बोळाची दुखणी मोजणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी "बसा जरा" एवढंही म्हणता येत नव्हतं.

किल्ली मी खिशातच राहू दिली. चपला काढल्या आणि गॅलरीतून बायकोला हाक मारली, "ये गं लवकर, मामांचं आज फार दुखतंय!"

मागे वळलो, तर मामा पत्ते पिसत होते.