मधल्या खांबाची जागा

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नगरपालिकेच्या कलादालनातला मधला खांब हेमांगी खटावकरच्या शिल्पाकडे चार्ज देऊन रजेवर गेला.

हेमांगी आली तेव्हा खांबाच्या जागी फरशीवर नुसता चौकोनी डाग होता. तिने घाबरत वर पाहिलं. छत जागेवर होतं. ते तिच्या शिल्पावर टेकलं होतं.

"घाबरू नका मॅडम," व्यवस्थापक दिघे बशीत चहा ओतत म्हणाले. "रीतसर गेलाय. तुमच्या शिल्पाला सगळं समजावून दिलंय त्याने. पश्चिमेकडची तुळई जरा कुरकुरते, तेवढी सांभाळ म्हणाला."

"अहो, पण ते शिल्प आहे!"

"छताला टेकलंय ना? मग झालं."

चूक हेमांगीचीच होती. या दालनाला उत्तर द्यायचं, म्हणून तिने हे शिल्प केलं होतं. खांब सरळ, गुळगुळीत आणि पांढरा. म्हणून शिल्प पिळदार, गंजक्या पत्र्यांचं, उसाच्या बेटासारखं जमिनीतून उसळणारं. मांडून झाल्यावर त्याच्या टोकात आणि छतात बोटभर फट राहिली. खालून ती कुणाला दिसलीही नसती, पण हेमांगीला फट खपत नसे. शिडीवर चढून तिने सागवानी पाचर ठोकली आणि शिल्प छताला घट्ट भिडलं. त्याच क्षणी शेजारी कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. तो रस्त्यावरच्या ट्रकचा असेल, असं तिला वाटलं होतं.

या शिल्पापायी तिने शाळेतली चित्रकला शिक्षिकेची कायम नोकरी सोडली होती. तेव्हापासून आई तिच्याशी जेवायला वाढण्यापुरतीच बोलत असे. इथलं प्रदर्शन संपलं की शिल्प दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनात जायचं होतं. तिथे ते लोकांनी पाहिलं, तरच हेमांगीला पुढे काम मिळणार होतं. दुसरं काही दाखवण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं.

"रजा कधी संपते त्याची?" तिने विचारलं.

"प्रदर्शन संपेल त्या दिवशी. वेळेचा पक्का आहे तो."

खांब खरोखरच वेळेवर आला. उन्हाने रापला होता, आणि बुडाशी समुद्राची वाळू चिकटली होती. पण तो दारातच थांबला.

"दिघेसाहेब, मी स्वेच्छानिवृत्ती घेतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं डोक्यावर छतच होतं. आता जरा आभाळ बघावंसं वाटतं."

आणि वळून तो बसस्टँडच्या दिशेने चालू लागला.

हेमांगी दिघ्यांकडे वळली. "आता काय?"

"आता जागा रिकामी झाली," दिघे म्हणाले. "जो आधीपासून काम करतोय, त्याचा हक्क पहिला."

"अहो, ट्रक बाहेर उभा आहे!"

"मग शिल्पालाच विचारा. आमची सक्ती नाही. तो नाही म्हणाला, तर आम्ही टेकू लावू आणि दुसरा खांब बघू."

हेमांगी शिल्पापुढे उभी राहिली. काय विचारायचं, कसं विचारायचं, तिला सुचेना.

"आई, मी इथेच राहतो म्हणतो," शिल्प म्हणालं.

हेमांगी दोन पावलं मागे सरकली. तिला आजवर कुणी आई म्हटलं नव्हतं. "तू... तू बोलतोस?"

"कामावर रुजू झाल्यापासून."

"अरे, दिल्लीत केवढे लोक तुला बघतील!"

"बघतील आणि पुढच्या शिल्पाकडे जातील. इथे मी जरा हललो तर छत हलतं. शिवाय इथलं कायम आहे."

"मी तुला कायम होण्यासाठी नाही केलं!"

"मग कशासाठी केलंस?"

या प्रश्नाची उत्तरं हेमांगीने वार्ताहरांना पुष्कळ वेळा दिली होती. पण ती सगळी न बोलणाऱ्या शिल्पाबद्दलची होती.

ट्रक रिकामा परत गेला.

दुपारी बातमी कळताच हेमांगीची आई पेढ्यांचा पुडा घेऊन आली. या दालनात तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. "कुठाय तो, बघू तरी," म्हणत ती पदर सावरून शिल्पासमोर उभी राहिली आणि तिने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"रंगाने सावळा आहे, पण अंगाने मजबूत आहे हो," ती म्हणाली. दिघ्यांच्या हातावर तिने पेढा ठेवला. "आमच्या हिने नोकरी सोडली, याने धरली. देवाला काळजी."

मग ती हेमांगीकडे वळली. "तूही घे गं. तुझाच आहे तो." कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती.

दिघ्यांनी पेढा तोंडात टाकला, 'शिल्पास हात लावू नये' ही पाटी काढून टेबलाखाली ठेवली, आणि हातोडी घेऊन शिल्पात खिळा ठोकला.

हेमांगी किंचाळली. धावत जाऊन तिने त्या जागेवर तळहात ठेवला. "दुखलं का रे?"

"दुखलं," शिल्प म्हणालं. "पण होईल सवय. तू जेवलीस का?"

हेमांगीने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते तिलाही कळलं नाही.

दिघ्यांनी खिळ्याला पालिकेचं कॅलेंडर अडकवलं. "मॅडम, तुमची नजर चांगली आहे. सरळ लागलंय का, सांगा बरं."

हेमांगीने डोळे पुसले. ती मागे मागे जात दालनाच्या दाराशी पोहोचली. तिने मान तिरकी केली आणि एक डोळा मिटला.

"किंचित डावीकडे," ती म्हणाली.