वामेच्या शेवया आणि दुसऱ्याचे आजोबा

ताइनानमध्ये कुठला पदार्थ कुठल्या गल्लीत, किती वाजता आणि कुणाच्या हातचा खावा, हे मला जितकं कळतं तितकं गावात दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे माझं मत. माझी बायको पी-शिया हिचं मत वेगळं आहे, पण ती मूळची ताइचुंगची.

म्हणून आमच्या पेई-शानच्या होणाऱ्या सासूबाई तैपेईहून आम्हाला भेटायला येणार असं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं की घरात चूल पेटवायची नाही. पाहुण्यांना मी गाव खिलवणार. अर्ध्या दिवसात सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोन घास, मधे एक देऊळ आणि एक किल्ला, म्हणजे पचायला जागा. कागदावर मी मिनिटं टाकून सगळं लिहून काढलं. पी-शियाने कागद वाचला आणि एवढंच विचारलं की यात पाणी प्यायची वेळ कुठे आहे.

विहीणबाईंचं नाव शेन वान-यू. अजून सोयरीक पक्की व्हायची होती, पण मी मनातल्या मनात विहीणबाई म्हणायला सुरुवात केली होती. त्या रुग्णालयात तीस वर्षं मुख्य परिचारिका होत्या. आपल्याकडे बघतात तेव्हा आपला ताप मोजतायत असं वाटतं. त्यांच्याबरोबर मुलगा वेई-त्से, म्हणजे आमचा होणारा जावई, आणि त्यांचे सासरे, को आजोबा, वय शहाऐंशी. नवऱ्याच्या मागे या बाईंनी सासऱ्यांना तळहातावर जपलेलं. पेई-शानने मला आधीच बजावलं होतं, की बाबा, त्या घरात आजोबांनी मान हलवली की झालं.

म्हणजे मला जिंकायचं होतं ते आजोबांना. आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाला जिंकायचा रस्ता कुठून जातो, हे मला सांगायला नको.

सकाळी साडेनऊला ते स्टेशनवर उतरले. को आजोबा ठेंगणे, काटक. डोक्यावर कापडी गोल टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट, तोंडावर डोळ्यांखालपर्यंत मास्क. विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"बाबांना एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने कधीकधी येतं," त्या म्हणाल्या. "आणि काहीही विचारलं तरी ते हो म्हणतात. तेव्हा लक्ष असू द्या."

मी म्हणालो, निर्धास्त राहा.

आधी कन्फ्यूशियसचं देऊळ. लाल भिंती, जुनी झाडं, सावली. देऊळ बघून झाल्यावर बायकांना समोरच्या गल्लीत कापडी पिशव्या बघायच्या होत्या. मुलंही त्यांच्याबरोबर निघाली. ठरलं असं, की ते चौघं वेई-त्सेच्या भाड्याच्या गाडीने परस्पर आनपिंगच्या किल्ल्यावर येतील, आणि मी आजोबांना माझ्या गाडीतून वामेच्या, म्हणजे सापासारख्या लांब माशाच्या, शेवया खायला घालून बारा वाजता तिथेच गाठेन. विहीणबाई पी-शियाकडे बघून बऱ्याच नाइलाजाने हो म्हणाल्या.

मी आजोबांना फाटकाजवळच्या बाकावर बसवलं, गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले. गाडी लांब लावली होती, वर रविवारची गर्दी. परत यायला मला दहा मिनिटं लागली. आजोबा फाटकासमोर रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. टोपी, खाकी जाकीट, मास्क. मला बघून त्यांनी हात वर केला. मी दार उघडलं.

"मलाच न्यायला आलास ना?" त्यांनी विचारलं.

"अहो, दुसऱ्या कुणाला," मी म्हणालो.

गाडीत ते बरेच बोलते झाले. माझ्याकडे निरखून म्हणाले, तू फार जाडा झालास. मला वाटलं, स्टेशनपासून इथपर्यंत? पण वयाचा मान ठेवून गप्प बसलो. मग म्हणाले, तुझ्या बापाने अकरा वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं, ते काही बरं केलं नाही. आता माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली. आयुष्यभर गवंडीकाम केलं, तैपेई त्यांनी पाहिलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की कानाबरोबर आजोबांचं डोकंही थोडं सरकलंय, आणि विहीणबाईंनी ते लाजेपोटी सांगितलेलं नाही. मी सुनेची लाज राखायची ठरवली. म्हणालो, हो आजोबा, वडिलांचं चुकलंच.

शेवयांच्या दुकानात कढईखाली जाळ भडकलेला. वामेचे तुकडे, कांदा, सोया, भसाभस साखर, वरून काळं व्हिनेगर. ताटली आली. आजोबांनी पहिल्यांदाच मास्क काढला, एक घास घेतला आणि चावायचेच थांबले. घास अडकला की काय? मी पाठीवर थापटायला उठलो तर त्यांनी हात झटकला. डोळ्यांत पाणी होतं.

"साखर आहे यात," ते म्हणाले. "आईच्या शेवया अशाच लागायच्या. तुझा बाप खरं बोलत होता. त्याला सांग."

मी म्हटलं, सांगतो. मनात म्हटलं, घरी गेल्यावर वडिलांच्या तसबिरीसमोर एक उदबत्ती जास्त लावू.

पुढे मी कागदाप्रमाणे कोळंबीचे रोल खायला नेणार होतो. पण आजोबा हटून बसले, की शवपेटी-पाव खायचा. तळलेल्या जाड पावाला वरून झाकण कापतात, पोकळीत दाट सूप भरतात, आणि दिसतं तेच नाव ठेवलंय. तो मी मुद्दाम यादीतून गाळला होता. मुलीचं लग्न जुळायचंय, समोर शहाऐंशी वर्षांचं माणूस, आणि त्याला मी शवपेटी खिलवू? पण ते ऐकेनात. झाकणासकट खाल्ली. तेवढ्यात पी-शियाचा फोन आला, की कुठे आहात, बारा वाजत आले.

"आजोबांची शवपेटी उरकली," मी म्हणालो, "की निघतोच."

नंतर कळलं की फोनचा आवाज त्यांच्या अख्ख्या गाडीत ऐकू येत होता.

आनपिंगला किल्ल्याच्या लाल भिंतीखाली विहीणबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. मी आजोबांना हाताला धरून उतरवलं, अगदी हसतमुखाने. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे कोण?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या थट्टा करत नाहीत.

"मी छ्यू श्वे-मू," आजोबा स्वतःच म्हणाले. "काओश्युंगहून आलोय. ही कोण रे, तुझी बायको?"

मी त्यांना विचारलं, तुम्ही को आजोबा नाहीत? त्यांनी मला विचारलं, तू माझा पुतण्या नाहीस? मग ते भडकले. इतका वेळ मला खाऊ घालणारा तू आहेस तरी कोण, असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

विहीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्या माझ्या गाडीत पुढे बसल्या, पट्टा लावला आणि घड्याळ बघितलं. को आजोबांचा फोन त्यांच्याच पर्समध्ये होता. रक्तदाबाची गोळीही. ती बरोबर एक वाजता द्यायची असते, एवढं त्यांनी सांगितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे छ्यू आजोबा फुरंगटून बसले. दुसऱ्या गाडीतून पेई-शानने जाताना माझ्याकडे पाहिलं. ती लहानपणी सायकलवरून पडली होती तेव्हा तिने असं पाहिलं होतं. तेव्हाही सायकल मीच सोडली होती.

देवळाच्या बाकावर कुणी नव्हतं. फाटकावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ते आजोबा ना, स्वच्छतागृहातून आले आणि बाकावर बसले. मग पांढऱ्या गाडीतून एक माणूस उतरला, त्याने विचारलं काका का, ते हो म्हणाले. त्याने विचारलं चलायचं का, तर पुन्हा हो म्हणाले. गेले.

विहीणबाई त्याच बाकावर बसल्या. छत्री मिटायचंही त्यांना सुचलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची माणसं सांभाळलेली ती बाई गोळीचं पाकीट नुसतंच हातात फिरवत राहिली, आणि माझ्या यादीची, मिनिटांची आणि माझी मला भयंकर लाज वाटली. वेई-त्से पोलीस चौकी शोधू लागला. पी-शिया माझ्याशी बोलली नाही, म्हणजे घरी बोलणार होती.

तेवढ्यात छ्यू आजोबा म्हणाले, "पांढरी गाडी? ती तर माझ्या पुतण्याची."

मी म्हटलं, मग तुम्ही माझ्या गाडीत कसे बसलात? माझी करडी आहे.

"मला मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "मला सगळ्याच पांढऱ्या दिसतात."

हळूहळू उलगडा झाला. आईच्या शेवयांत साखर असायची की नसायची, यावरून ते आणि त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी भांडले. परवा धाकट्याचं पत्र आलं, की आता वय झालं, जेवायला ये, मुलगा पांढरी गाडी घेऊन देवळाच्या फाटकाशी न्यायला येईल. पत्र जाकिटाच्या खिशात होतं, त्यावर फोन नंबरही होता. फोन मात्र ते करेनात. अकरा वर्षांत मी फोन केला नाही, आधी त्याने करावा, असं त्यांचं म्हणणं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. आजोबांनी मुकाट्याने पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी नंबर लावला. धाकटे तिकडून इतके तापले होते की मलाही ऐकू येत होतं. "त्याला यायचं नव्हतं तर यायचं नव्हतं," ते म्हणत होते, "बदली माणूस कशाला पाठवला?"

"तो माणूस आहे का तिथे?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे ना. तिसरी ताटली खातोय."

त्यांनी फोन छातीशी धरला आणि डोळे मिटले.

मासळीबाजारामागच्या धाकट्यांच्या घरात आम्ही पोचलो तेव्हा एकला तीन मिनिटं कमी होती. को आजोबा टोपी काढून, बाह्या सरसावून, यजमान असल्यासारखे गोल टेबलापाशी बसले होते. विहीणबाईंनी आधी गोळी दिली, मग नाडी बघितली, आणि मगच रडल्या. आजोबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना शेवया घ्यायला सांगितल्या.

दोघे भाऊ दारातच एकमेकांसमोर उभे होते. 

"साखर असायची," शेवटी थोरले म्हणाले. "आज खाल्ल्या. आठवलं."

धाकट्यांचा चेहरा पडला. "मी आज न घालता केल्यात."

"का?"

"तू येणार म्हणून."

थोरले आत आले आणि बसले. मग त्यांनी को आजोबांना विचारलं, बिनसाखरेच्या चांगल्या लागल्या ना? ते हो म्हणाले. धाकट्यांनी विचारलं, पण साखर असती तर जास्त चांगल्या लागल्या असत्या ना? ते हो म्हणाले. दोघा भावांचं समाधान झालं. विहीणबाई रडता रडता हसल्या. तैपेईहून आल्यापासून पहिल्यांदाच.

किल्ला राहिला, माझी सहा ठिकाणंही राहिली. संध्याकाळी परत जाताना को आजोबांना मी विचारलं, ताइनान आवडलं का. ते हो म्हणाले. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी विहीणबाईंना विचारलं नाही.

डिसेंबरात लग्न झालं. छ्यू बंधूंनाही बोलावलं होतं. हॉलच्या दारात विहीणबाई टाचण्यांची डबी घेऊन उभ्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर नाव आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावत होत्या. मी म्हटलं, उत्तम केलंत. त्यांनी माझ्याही कोटाला एक लावली. मला वाटलं, मुलीचा बाप म्हणून मान असेल. दिवसभर मी ती मिरवली, सगळ्या फोटोंत छाती काढून उभा राहिलो.

फोटो धुऊन आले तेव्हा मी चष्मा लावून वाचलं. तिच्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. सुबक अक्षरांत एवढंच लिहिलं होतं: यांच्या गाडीत बसू नये.