दुखवट्यात अडकलेला रस्ता

सरकारी काम कसं करून घ्यावं, हे मला कोणी शिकवू नये! आमच्या गल्लीच्या रस्त्यासाठी बाबांनी, म्हणजे गावाच्या गुरुजींनी, अकरा वर्षं नगरपालिकेला अर्ज केले आणि त्यातले निम्मे मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. गावाचं नाव सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना बस तिथे थांबते, एवढं पुरे.

आमच्या गल्लीत म्हैससुद्धा विचार करून पाऊल टाकायची. रिक्षा यायचा प्रश्नच नव्हता. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, त्या चिखलातून चौघांनी बाबांना खाटेवर उचलून हमरस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. आता घरात आई आणि तिचा दमा. पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता हवा, एवढंच मला कळत होतं.

आणि फेब्रुवारीच्या सभेत आमचा रस्ता विषय क्रमांक चार म्हणून लागला! मंजुरी मात्र मार्चअखेरच्या आत हवी, नाहीतर पैसा परत भोपाळला.

मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, भिवाजी वाचायला उठले, तोच सदस्या देवकाबाई कडाडल्या, "गुरुजी गेले अन् आपण रस्त्याच्या गोष्टी करून राहिलो? शरम आहे का नाई?"

दोन मिनिटं मौन, सभा बरखास्त! आमच्याकडे तसा रिवाजच आहे. मोठा माणूस गेला की पुढच्या सभेत शोक करायचा, कामकाज नाही. बाबांचा रस्ता बाबांच्याच सन्मानार्थ अडला!

मार्चच्या पहिल्या सभेत अध्यक्ष पुंडलिकरावांनी डोळे पुसले. मागच्या वेळी ते संत्र्याचा ट्रक घेऊन नागपूरला गेले होते.

"मले दोन यत्ता शिकवल्या गुरुजीनं. तुमी सगळ्यायनं शोक केला, मी काय परका आहो?"

पुन्हा बरखास्त!

आता उरली एकोणतीस मार्चची शेवटची सभा. आणि सदस्य नत्थूजी बाजारातून फोटोची चौकट घेऊन आले. आमचा रस्ता बुडाला, की पुढच्या वर्षी आमची गिट्टी, म्हणजे खडी, त्यांना आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे वळवायची होती. "त्या गल्लीत राहते कोण? एक मास्तर अन् दोन बकऱ्या!" असं ते बाबांच्या तोंडावर म्हणत. तेच नत्थूजी आता फोटोला हार घालून तिसरा शोक करणार होते!

मी तडक पुंडलिकरावांच्या घरी गेले.

"काकाजी, हात जोडते. आता शोक करू नका."

त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. "काय बोलून राहिली वं बाई? बापाचा शोक नको?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, पोरीनं बापाच्या शोकाले मनाई केली! दुसऱ्या दिवशी वच्छलामामी तिगावहून पहिल्या गाडीनं आली, केवळ माझं तोंड पाहायला. "शिकून शिकून असं झालं का वं?"

शेवटी तडजोड झाली. मौन होईल, पण सभा चालेल. पुंडलिकरावांनी भिवाजींना बजावलं, "मौन संपलं का लगेच वाचत सुटा. नत्थूजीले तोंड उघडू देऊ नका."

एकोणतीस तारखेला सगळे उभे राहिले. हार घेऊन नत्थूजी सगळ्यांत पुढे. भिवाजींकडे घड्याळ नव्हतं आणि भिंतीवरचं त्यांच्या पाठीमागे होतं. ते मनात आकडे मोजत होते, पण जबाबदारीच्या भीतीनं आकडे मेल गाडीसारखे सुटले असावेत. भिंतीवर जेमतेम अर्धं मिनिट झालं होतं, आणि शांततेत त्यांचा सरकारी हिंदी आवाज घुमला.

"विषय एक. कांजी हाउस की मरम्मत. किसी को आपत्ति? नहीं. पारित!"

कोंडवाड्याची दुरुस्ती मंजूर! सगळ्यांनी डोळे उघडले. पण गुरुजींचं मौन मोडणार कोण? विषय दोन पारित. विषय तीन पारित. नत्थूजींचा चेहरा भरताच्या वांग्यासारखा होत चालला.

"विषय चार. गुरुजी के घर के सामने की सड़क. किसी को आपत्ति?"

नत्थूजींनी हार मुठीत आवळला. झेंडूच्या चार पाकळ्या गळल्या. शब्द एकही नाही!

"नहीं. पारित!"

तेवढ्यात दोन मिनिटं भरली आणि नत्थूजी ओरडले,

"अध्यक्ष महोदय! मौनात ठराव? हे काय होऊन राहिलं?"

"तं तुमी बोलाचं होतं."

"मौनात कसं बोलू जी?"

"नाई बोलले ना? लिहा बाबू, सर्वसम्मति से!"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. देवकाबाईंनी धावत येऊन मला छातीशी धरलं.

"पाहा जी, पोरगी कशी हुंदके देऊन राहिली! आता कायचं कामकाज? करा बरखास्त!"

झाली! सभा चालणार म्हटल्यावर नत्थूजींनी विषय पाच म्हणून आपल्या जिनिंगचा रस्ता घुसवला होता. तो राहिला. आणि देवकाबाईंच्या मिठीत माझं हसू कधी रडण्यात बदललं, ते माझं मलाच कळलं नाही.

मे महिन्यात डांबर पडलं. जूनच्या पहिल्या पावसात रिक्षा थेट दारात आली. आई ऐटीत बसली आणि म्हणाली, "एवढं कसं वं मंजूर झालं?"

"एकमतानं."

"नत्थूजी काहीच नाही बोलला?"

"एक शब्द नाही."

आईनं डोळे टिपले. "उगाच नावं ठेवत होतो आपण. माणूस वाईट नाही तो!"