सियालदहला एक पिवळा नग

दामलेकाका दुकानांशी फोनवर बोलत नाहीत, ऐकतात. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी एखाद्या शाखेला फोन लावायचा, दरवानाला सांगायचं, "रिसीव्हर काउंटरवर ठेव बाबा, आणि तू बाहेर जा." मग डोळे मिटून बसायचं. समोरचा चहा निवून जातो. मधूनच मान डोलते. शेवटी डोळे उघडून सांगतात, "डमडम कुडकुडतंय. लहान मुलांचे स्वेटर पाठवा."

तेही भर वैशाखात! इथे पंख्याखाली बसून माझ्या पाठीला घामाच्या धारा.

आमची कपड्यांची बरीच दुकानं आहेत, ऑफिस कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात. गोदामात आलेला माल कुठल्या शाखेला किती जायचा, हे आमचं खातं ठरवतं. मी नाशिकहून बदलून आले ती खात्याची प्रमुख म्हणून. दामलेकाका इथलेच, आजोबांपासून कोलकात्यात, आणि माझ्या हाताखाली. निदान कागदावर तरी. "घाई करू नका बाई, दुकान सांगेल," हे त्यांचं पालुपद. अहो, दुकान काय सांगणार, कपाळ! त्याला तोंड आहे का?

स्वेटरना मी नाही म्हटलं, त्यांनी ते पाठवलेच. त्याच आठवड्यात विमानतळाकडे निघालेली एक शाळेची सहल डमडमच्या दुकानात शिरली. पोरं थंड हवेच्या गावाला चालली होती. सगळे स्वेटर गेले. मी म्हटलं, "योगायोग." काका म्हणाले, "असेल," आणि पानाला चुना लावत बसले.

एकदा मीच त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. सियालदहचं दुकान होतं. आधी नुसती शांतता. मग दांडीवरून एक हँगर सरकला. थोडं थांबून दुसरा. कुणीतरी निवांत कपडे बघत असावं, तसं. मी ओरडले, "कोण आहे?" दरवान धावत आला. "कोणी नाही मॅडम, रिसीव्हर ठेवून मी बाहेरून कुलूप लावलं होतं. आत्ता काढून आत आलो."

दिवसभर मी फोनला हात लावला नाही. काका मात्र शीळ घालत होते.

दुर्गापूजेच्या आधी आमच्याकडे नुसती लगीनघाई असते. यंदा मालाची वाटणी नव्या कॉम्प्युटरने केली. सुटलो एकदाचे, असं मी म्हणते न म्हणते तोच काका माझ्या टेबलापाशी. चेहरा पांढराफटक.

"सियालदहला पिवळा कुर्ता दिलेला नाही."

"काका, तिथे पिवळं खपत नाही."

"एक खपतो. दर पूजेला मी एकच पाठवतो आणि पहिल्याच दिवशी जातो. कोण नेतं, दुकानात कुणाला सांगता येत नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "पहिल्या वर्षी फ्रॉक पाठवला होता. सहा वर्षांच्या पोरीचा."

"कुणासाठी?"

"माझी मीनू, बाई. सियालदह स्टेशनाबाहेरच्या बाजारात पिवळ्या फ्रॉकपाशी हटून बसली. मी म्हटलं, पुढच्या वेळी घेऊ. गाडीतून उतरलेली गर्दी अंगावर आली आणि हात सुटला. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. त्यांच्याकडे फोटो सहा वर्षांच्या पोरीचा. फोटो वाढत नाही हो! म्हणून दर पूजेला मी माप वाढवत गेलो. आता मीडियमवर थांबलोय. इथे गरिबातल्या गरिबाच्या पोरालाही पूजेला नवं मिळतं. तिला नको?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. "मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसले आणि कॉम्प्युटरचं शून्य पुसलं. सियालदह, पिवळा, मीडियम, एक.

पंचमीला तिथल्या मॅनेजरचा फोन आला. काका माझ्यासमोरच बसले होते, मी स्पीकर लावला.

"मॅडम, तो पिवळा कुर्ता पहिल्याच दिवशी गेला. पण आज एक बाई बदलून मागत होत्या. दंडात घट्ट होतोय म्हणाल्या. लार्ज आमच्याकडे नव्हता."

"दिसायला कशा होत्या?"

तो काउंटरवर विचारून आला. "कुणालाच आठवत नाही, मॅडम. कॅमेऱ्यातही काउंटर रिकामाच दिसतोय. पण कुर्ता इथे आहे. नीट घडी घालून ठेवलाय."

काकांकडे बघायचा धीर होईना. बघितलं तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गालावर ओघळत होतं.

"दंडात घट्ट होतोय म्हणाली? ऐकलंत ना बाई? म्हणजे पोर खाऊनपिऊन सुखी आहे!"

चष्मा पुसून त्यांनी गोदामाला फोन लावला. "एक पिवळा, लार्ज, बाजूला काढून ठेव. नाही नाही, गाडीत टाकू नकोस. मी स्वतः घेऊन जातोय."