चंडोलाचा आत्मा

एका जंगलात, म्हणजे खरे तर जंगल संपते तिथल्या माळावर, भिकोबा नावाचा चंडोल राहत होता. जंगल म्हटल्याशिवाय तुम्ही मुले ऐकायला बसत नाही, म्हणून जंगल.

रोज सकाळी भिकोबा गात गात आभाळात चढे. खाली गवतात त्याची बायको ठकूबाई अंड्यांवर बसलेली असे. गाण्याचा अर्थ साधा होता. हे गवत माझे, यातले किडे माझे, इकडे फिरकलास तर टाळके फोडीन. शेजारचा दांडगा चंडोल ते ऐके आणि निमूट घरी बसे.

त्याच माळावर एक कासव कविता करीत असे. त्याला दुसरे काही जमत नव्हते. आम्हा लिहिणाऱ्यांचे असेच असते.

एकदा कासवाने भिकोबाला गाठले. डोळे पुसत ते म्हणाले, "तुम्ही पक्षी नाही. देह टाकून अनंताकडे निघालेला आत्मा आहात. केवढी विरक्ती आहे तुमच्या गाण्यात."

विरक्ती म्हणजे काय ते भिकोबाला ठाऊक नव्हते. पण बायको सोडून आजवर त्याला कोणी अहोजाहो केले नव्हते. त्या दिवशी किडे खाताना तो जरा लाजला.

मग त्याने गाणे सुधारले. टाळके फोडणे आत्म्याला शोभेना, म्हणून ते कडवे गाळले. माझे काहीच नाही, असे तो करुण सुरात गाऊ लागला.

"अहो, जुनंच म्हणा ना," ठकूबाई म्हणाली. "ते ऐकून मला निर्धास्त झोप लागायची."

"तुला काव्य कळायचं नाही," म्हणून भिकोबा वर गेला.

शेजारच्या दांडग्याने मात्र नीट कान दिला. खुद्द मालकच नको म्हणतोय, तर आपण का लाजावे? तो बिऱ्हाड घेऊन आला. ठकूबाई एकटीच झुंजली. भिकोबा ढगापाशी होता. तो उतरेपर्यंत अंडी फुटली होती.

ठकूबाई कवचांजवळ बसून होती. ती भांडली नाही. भिकोबाला तेच सोसवेना.

तो कासवाकडे धावला. म्हणाला, "त्याला हाकलून लावील असं काहीतरी लिहा."

कासवाने मान आत घेतली होती. आत ते नवी कविता लिहीत होते, उजाड घरट्यावर. ती फार गाजली. वरच्या वर्गात गेलात की तुम्हाला ती पाठ करावी लागेल.

तात्पर्य: पक्ष्यांनी कवींपासून दूर राहावे. कवींनी मात्र पक्ष्यांना मुळीच सोडू नये. दुःखाशिवाय कविता होत नाही, आणि ते दुसऱ्याचे असले की शब्द झरझर सुचतात. ही गोष्ट मी एका बैठकीत लिहिली.