मचाणाचं तोरण

तुकाराम मेस्त्रीचा पासपोर्ट अबू नासरच्या तिजोरीत होता आणि मेस्त्रीच्या मुलीचं, मालनचं, लग्न बावीस दिवसांवर आलं होतं. कुवेतच्या शुवैख भागातल्या सुतारकामाच्या वर्कशॉपचा हा मालक मनाने वाईट नव्हता, पण कोणी रजेचं नाव काढलं की त्याला नेमकं एखादं काम आठवायचं. तरुणपणी त्याने मुंबईत खजूर विकला होता. त्यामुळे तो हिंदी फर्डं बोलायचा आणि ‘समजलं नाही’ म्हणून वेळ मारून नेण्याची कामगारांना सोय नव्हती.

या खेपेचं काम थेट अमेरिकेहून आलं होतं. तिथल्या एका बड्या टीव्ही कंपनीच्या क्रीडा विभागाला वाळवंटातली उंटांची शर्यत टिपायची होती. कॉलिन्स नावाचा त्यांचा साहेब कुवेतच्या उन्हाने टोमॅटोसारखा लाल झाला होता. त्याला शेवटच्या रेषेच्या अलीकडे, कॅमेऱ्यासाठी बारा फुटी मचाण हवं होतं. अबू नासरने छातीवर हात मारून होकार दिला आणि हातोडा तुकारामच्या हाती दिला.

"मचान मजबूत मंगता. शूटिंग में गड़बड़ नहीं हुआ, तो उसी दिन पासपोर्ट. गड़बड़ हुआ, तो छुट्टी रमजान के बाद."

रमजान होता तीन महिन्यांनी. मेस्त्रीने असं मचाण उभं केलं, की त्यावर गावचं दशावतारी नाटक सगळ्या राक्षसांसह सहज झालं असतं. पण शर्यतीच्या दिवशी सकाळी तो पायथ्याशी अडून बसला. नव्या कामाला तोरण बांधल्याशिवाय त्यावर माणूस चढवायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत होती.

त्याच्या खोलीत राहणारा रंगारी शंकर कपाळाला हात लावून म्हणाला, "मेस्त्रीनू, हय आंब्याची पानां खंय गावतली?"

"आंब्याची नाय. हवल्लीच्या बाजारातसून मुळ्याचो पालो हाडलंय."

"मुळ्याच्या पाल्याचा तोरण?"

"हिरवा आसा ना? देवाक तेवढा पुरे."

शिडीच्या तोंडाशी, डोक्याच्या हातभर वर, मेस्त्रीने मुळ्याच्या पाल्याचं घसघशीत तोरण बांधलं. मध्ये कोथिंबिरीच्या चार जुड्याही ओवल्या. शर्यतीच्या उंटांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कॉलिन्सला वाटलं, ही कुवेती लोकांची प्रथा. त्याने आदराने तोरणाखालून वाकून शिडी गाठली. अबू नासरला वाटलं, ही अमेरिकन लोकांची प्रथा. पाहुण्यांना बोलायचं कसं, म्हणून तोही गप्प बसला. त्यामुळे तोरण जागच्या जागी राहिलं.

शर्यत सुटली. धुळीचा लोट उठला आणि अकरा उंट मचाणाच्या दिशेने धावू लागले. सगळ्यांत पुढचा पांढरा उंट दरवर्षी जिंकणारा. जिंकायला पन्नास पावलं उरली असताना त्याला ते हिरवंगार तोरण दिसलं. त्याने मान वळवली, मग अंग वळवलं आणि शिडीपाशी येऊन शांतपणे पाला चघळायला सुरुवात केली. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. स्वार ओरडत होते, मालक डोक्यावरची वस्त्रं फेकत होते आणि दहा उंटांची पंगत बसली होती. धक्क्यांनी मचाण करकरत होतं. मेस्त्री खांबाला मिठी मारून डोळे मिटून उभा होता. त्याला समोर फक्त मालन दिसत होती, मुंडावळ्या बांधलेली, बापाशिवाय बोहल्यावर उभी.

"मेस्त्रीनू, डोळे उघडा! बघा तरी!" शंकर ओरडला.

सगळ्यांत मागून अबू नासरची म्हातारी सांडणी फरहा येत होती. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि मचाण नेमकं उजवीकडे. तिला ना तोरण दिसलं, ना पंगत. ती आपली रोजच्या चालीने रेषेपार गेली. नऊ वर्षं शेवटून पहिली येणारी फरहा पुढून पहिली आली.

वर कॉलिन्स आनंदाने नाचत होता. उंटांची शर्यत सगळेच दाखवतात, पण उंटांचं जेवण अजून कोणी दाखवलं नव्हतं.

अबू नासर तोरणाच्या उरलेल्या सुतळीपाशी आला. "ये पत्ता किसने बांधा?"

खोटं बोलणं मेस्त्रीला जमलं नाही. "मैंने, सेठ."

अबू नासरने त्याला कडकडून मिठी मारली आणि झग्याच्या खिशातून पासपोर्ट काढला. "जाओ, बेटी का शादी करो. लेकिन अगला रेस के पहले वापस. और पत्ता उधरीच बांधना!"

लग्नाच्या आदल्या दिवशी मेस्त्री गावी अंगणात मांडवाला तोरण बांधत होता. आंब्याच्या पानांचं, अगदी खरंखुरं. पण त्याने ते इतकं उंच बांधलं, की बायको सीताबाई वैतागली.

"अवो, येवढ्या उंचार कित्या?"

"तुका काय कळतला?" शिडीवरून मेस्त्री गंभीरपणे म्हणाला. "उंटाचा तोंड खंयपर्यंत पोचता, ता माका म्हायत आसा."